धरणगावच्या प्लॉटवरचे इंजिन

मी, कामिनी प्रेमराज पाटील, वय ७६, राहणार जळगाव, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुतण्या दीपक "म्हातारीचं डोकं फिरलं होतं" असे म्हणणारच.

१. राहते घर भाची ज्योत्स्नाला. माझ्या यजमानांचे फ्लाइंग जॅकेटही तिलाच. ते धुवायला देऊ नये. कॉलरला विमानाच्या इंधनाचा वास आहे. इतरांना येत नसेल, मला येतो. सुट्टीत जॅकेट घालूनच ते भरताची वांगी भाजायला बसत आणि नन्सनी शिकवलेल्या माझ्या इंग्रजीची नक्कल करत.

२. बँकेतील ठेवी माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेला.

३. धरणगावचा प्लॉट. याबद्दल सविस्तर लिहिते.

एकाहत्तरच्या लढाईत परतताना प्रेमराजांच्या विमानाचे इंजिन बंद पडले. शेजारच्या विमानातील सोबत्याने रेडिओवर त्यांचे शब्द ऐकले, "इंजिन गेलं. खाली गाव आहे, पुढे नेतो." विमान गावापलीकडे कोसळले, ते वाचले नाहीत. आसपास शत्रू नव्हता. चौकशीत मात्र ठरले, चूक वैमानिकाची. सांगायला आलेले हवाई दलाचे साहेब म्हणाले, "लढाईत यंत्रं दमतात हो." यंत्र दमले तर चूक माणसाची कशी, असे विचारताच ते कप ठेवून उठले. सासूबाई दारातून अहिराणीत ओरडल्या, "मना पोऱ्या नही चुकना!"

दीपक दरवर्षी त्यांच्या स्मृतिदिनाच्या भाषणात शत्रूची गोळी घालतो. "काकू, इंजिन बंद पडलं म्हटलं तर टाळ्या कोण वाजवेल?" यंदा त्याने त्याच जातीचे निकामी इंजिन लिलावातून आणले आणि मला न विचारता माझ्या प्लॉटवर चौथरा बांधून बसवले. खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ! बायाबापड्या पाया पडल्या.

"काकू, तुम्ही ओवाळा."

ज्याने माझा नवरा नेला, त्याला? मी ताट त्याच्याच हातात दिले. "तूच ओवाळ. त्यांचं विमान त्याच्यावर चाललं नाही, तुझं राजकारण चालतंय."

तरी प्लॉट दीपकलाच देते, एका अटीवर. इंजिन काढावे आणि तिथे दगड बसवावा: "फ्लाइट लेफ्टनंट प्रेमराज पाटील. इंजिन बंद पडले. विमान गावापलीकडे नेले. चूक यांची नव्हती." गोळी नको, शत्रू नको, दीपकचे नाव तर नकोच.

माझ्यामागे सहा महिन्यांत दगड न बसल्यास प्लॉट इंजिनासकट झुलाल भंगारवाल्याला जावा. तो त्याला हार घालणार नाही. तोडेल आणि किलोवर विकेल.

याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द. अंमलबजावणी ॲड. सारिका महाजन यांनी करावी.

सही: कामिनी प्रेमराज पाटील

आमच्यासमोर, वाचून सही केली:
साक्षीदार १: बन्सीलाल चौधरी
साक्षीदार २: लताबाई सोनवणे

जळगाव, ६ नोव्हेंबर २०२५