अर्ज पडून हाय

बाबा, गेल्या सोमवारी मी आपल्या पडवीजवळच्या फणसाची परवानगी काढून आणली. तोडायची. तुम्हाला नऊ वर्षांत न मिळालेला कागद मला दीड महिन्यात मिळाला, आणि तुमच्यावरचा राग आता कुठे ठेवू ते मला कळत नाही.

लेकीला घेऊन सासर सोडून मी घरी आले तो दिवस आठवतो का? आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुम्ही स्वयंपाकघरात फणस कापताय, हाताला तेल, सुरीला तेल. मी म्हणते, पडवीला लागून एक खोली काढू द्या, खर्चाचं माझं मी बघते. तुम्ही वर न बघता चीक पुसत राहता. "तिथं फणस हाय ना गं. सरकारी यादीतलं झाड ते, परवानगीबिगर कुऱ्हाड लावली तर केस होते. मी अर्ज टाकतो." मी खोपोलीला भाड्याची खोली घेतली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. मग दर सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही कर्जतला कचेरीत जायचात, आणि मी विचारलं की मान खाली घालून सांगायचात, "अर्ज पडून हाय." मलाच वाईट वाटायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणून मीच तुमची समजूत काढायची. दर वैशाखात गोणपाटात बांधलेला फणस खांद्यावर घेऊन तुम्ही माझा जिना चढायचात. ज्या झाडानं माझी खोली अडवली, त्याचे गरे मी मिटक्या मारत खाल्ले. लेक आठळ्या भाजून मागायची.

आता भावाला त्याच जागेवर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. तुम्ही गेल्यावर सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं आणि कागदपत्रांचं मला जमतं, म्हणून अर्ज मी केला. वनखात्याच्या कचेरीतल्या बाईंना म्हटलं, आमचा जुना अर्ज पडून आहे, तोच पुढे काढा. त्यांनी बिचारीने सगळी रजिस्टरं चाळली. "ताई, तुमच्या गटाचा एकपण अर्ज आलेला नाय. आला असता तर कायतरी निकाल लागलाच असता." मी त्यांच्याशी भांडले. माझे वडील नऊ वर्षं इथे खेटे घालत होते, असं चारचौघांत ओरडून सांगितलं. संध्याकाळी भावाला सांगितलं तर तो हसला. "अर्ज कुठला घेऊन बसलीस? मीच नको म्हनलेलो, उद्या हिस्सा मागशील म्हनून. बाबांना तुला नाय म्हनवत नव्हतं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का, बाबा? एका 'नाय'नं माझं भागलं असतं. रडले असते, आदळआपट केली असती, आणि त्याच वर्षी कर्ज काढून स्वतःचं काहीतरी बघितलं असतं. तुमच्या अर्जाच्या भरवशावर मी नऊ वर्षं लेकीच्या पुस्तकांची खोकीसुद्धा उघडली नाहीत, इथे कशाला पसारा करायचा म्हणून. भावाचं मला नवल नाही, तो तसाच आहे. तुम्ही मात्र माझ्या ताटात गरे वाढत होता. आणि कर्जतला जाऊन नक्की काय करायचात? एसटी स्टँडच्या बाकावर बसून राहायचात का, परतीची गाडी येईपर्यंत?

वनरक्षक येऊन टेपनं बुंध्याचा घेर मोजून गेले, पंचनामा झाला. झाड अगदी मुळापासून लगडलेलं होतं. कागद टपालानं येणार, असं मी भावाला सांगून ठेवलं होतं, पण तो मी हातोहात आणला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. त्यावर मुदत लिहिली आहे. मुदतीत झाड पाडलं नाही तर परवानगी रद्द. हे पत्रही त्याच डब्यात जाईल, दुसरीकडे कुठे पाठवणार?

काल भावाचा फोन आला. "काय झालं गं त्या कागदाचं?"

"अर्ज पडून हाय," मी म्हटलं. फोनवर कोण बघत होतं, तरी माझी मान खाली गेली. आणि खरं सांगते बाबा, फार सोपं गेलं.