अकरा नंबर

बाई, तुम्ही होतात तेव्हा मी एक पान सरळ लिहिलं नाही, आणि आता लिहायला बसलोय. चुका असतील, चालवून घ्या.

दहावीची परीक्षा संपलेली, रिझल्ट लांब, तेव्हा तुम्ही आम्हा सात-आठ जणांना मुलुंडच्या आपल्या शाळेच्या मैदानावर बोलावलंत. मेमधल्या शिबिरात छोट्या पोरांचे ताई-दादा व्हायचं, त्याचं चार दिवस ट्रेनिंग. मी आलो उपम्यासाठी, खोटं कशाला बोलू. तुम्ही निम्म्यांना पोरं बनवायचात, निम्म्यांना ताई-दादा. प्रत्येक पोराला नंबर. कुठूनही निघायच्या आधी पोरांनी ओळीने नंबर ओरडायचे आणि दादाने एकेकाच्या डोक्याला हात लावायचा. "आवाजावर जाऊ नका रे, डोकं हाताला लागलं पाहिजे." माझा नंबर चार. पाच नंबरवाला माझा दोस्त टाकीमागे लपला आणि मी त्याचा घोगरा आवाज काढून पाच पण ओरडलो. ताई झालेल्या पोरीने लांबूनच "सगळे आहेत बाई" सांगून टाकलं. सगळे लोळून हसले, तुम्ही सोडून. "आवाज छान काढतोस. पोरगं हरवलं की त्याच्या आईसमोर पण काढशील?" मी म्हटलं, "आईचा पण काढेन, बाई." मैदानाला पाच राउंड मारायला लावलेत.

तरी मला दादा केलंत. पोरं माझ्यावर फिदा होती यार. मी त्यांना तोच खेळ शिकवला. कोणी पाणी प्यायला गेलं, तर बाजूच्याने त्याचा नंबर त्याच्याच आवाजात बोलायचा. जो पकडला जाणार नाही, तो हिरो.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी आपण बोरिवलीच्या पार्कात गेलो. निघताना सगळे बसमध्ये बसलेत, ऊन टाळू फोडतंय, मी दारात उभा राहून नंबर ऐकतोय. एक ते बावीस, सगळे आले. तुम्ही खालून विचारलंत, "डोक्याला हात लावलास?" मी म्हटलं, "लावला ना बाई." तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, चला.

बस हायवेला लागली आणि दहा नंबरचं कार्टं माझा शर्ट ओढायला लागलं. "दादा, मी अकरा पण बोललो. कळलं नाय ना तुला?" काय खुश होता. मी ओरडलो, "बाई, अकरा नंबर दिसत नाय!" बस फिरवली. ती पोरगी गेटवरच्या काकडीवाल्या मावशीच्या टोपलीपाशी बसलेली, फ्रॉक ओला, रडून आवाज पण बसलेला. तुम्ही तिला उचललंत आणि शाळा येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाहीत.

शाळेत तिचे आईवडील तुम्हाला नाही नाही ते बोलले. मुख्याध्यापक पण. तुम्ही एवढंच म्हणालात, "मोजणीची जबाबदारी माझी होती." वर माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "ह्याच्या लक्षात आलं म्हणून लगेच फिरलो." त्या पोरीच्या आईने माझ्यापुढे हात जोडले, बाई. मी मान खाली घालून उभा. लोकांना वाटलं, पोरगा लाजतोय.

पुढच्या वर्षी शाळेने शिबिर बंद केलं. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी तुमच्या बिल्डिंगखालपर्यंत आलो होतो. चपलांचा ढीग बघितला आणि परत फिरलो.

हे सगळं आता का, तर गेल्या रविवारी तुमची मुलगी भाजीबाजारात भेटली. मला लगेच ओळखलं, "तूच ना रे तो, ज्याच्यामुळे ती पोरगी सापडली?" मग म्हणाली, "आईने शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं. पण तेव्हा तिचं लक्ष राहायचंच नाही रे, वय झालेलं." हे पान खरं म्हणजे तिच्यासाठी आहे. इथपर्यंत लिहून चार दिवस खिशात घेऊन फिरतोय, तिच्या दारावरून दोनदा गेलो. दिलं नाही. देईन असं पण वाटत नाही.

बाजारात मी तिला काय म्हटलं सांगू? म्हटलं, "हो ना ताई, होतं असं वयामुळे."