चाळीस फुटांचा ड्रॅगन, साठाचा जीव

२ नोव्हेंबर, रविवार

सृष्टीनं आज हुकूमच सोडला. "ताई, हैदराबादला जायच्या आधी ड्रॅगन पाहिजे. मोठा. लेकरांसारखं खेळवू नको मला."

माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची पोरगी. पुढच्या मंगळवारी तिची छाती दुसऱ्यांदा उघडणार, हृदयाची झडप बदलणार — अन् हिला ड्रॅगन पाहिजे!

दोन वर्षं झाली आमच्या या खेळाला. गोष्ट मी सांगायची, राक्षस सगळे माझे. सृष्टी अन् शेजारचा जावेदभाई टेलर आपापला लढवय्या घेऊन लढतात, फासे टाकतात. सृष्टीची तेजी, भालेवाली. प्रत्येक लढवय्याचं एक पान असतं; मेलेल्याचं पान फाडायचं, हा नियम सृष्टीनंच केलेला. जावेदभाईची चार पानं फाटली. तेजीचं अजून शाबूत आहे.

खेळायचं ठरलंय येत्या रविवारी. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी ते पान माझ्या ड्रॅगनमुळं फाटलं तर? नको. विचारसुद्धा नको.

डॉक्टरांकडं गेलो तेव्हा मी फाइलच्या रांगेत अडकले. आत बाबा अन् तीच होती. बाहेर येऊन म्हणाली, "शंभरात दोन दगावतात म्हणे. दोनच! तोंड कशाला पाडलंस?" बाबा पाणी प्यायला गेले ते लवकर आलेच नाहीत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वही काढली. आमचा तक्ता साधा आहे. जेवढं अंग, तेवढा जीव. बैलाएवढा ड्रॅगन — जीव साठ. एसटीएवढा — एकशेऐंशी. घाव बसला की जीव कमी करत जायचं, शून्य झाला की मेला.

सृष्टीला एसटीएवढाच पाहिजे. शाळेत शिकवून आल्यावर एकटीनंच लढाई लावून पाहिली. दहा वेळा. तेजी सात वेळा मेली! वही गादीखाली सारली, जसं काही तिच्यातूनच काहीतरी बाहेर येणार होतं.

फाशात लबाडी करता येत नाही. फासे परातीत टाकायचे, सगळ्यांसमोर. जिवाचा आकडा मात्र फक्त माझ्या वहीत असतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जावेदभाई दुकानातला टेप अन् चुना घेऊन गच्चीवर आला. सृष्टीचा हट्ट — ड्रॅगन खऱ्या मापाचा काढायचा. "मानेचं माप किती ठेवू? शेरवानी शिवायची का याला?" म्हणत त्यानं आखलाच. चाळीस फूट! शेपूट गच्चीत मावेना, पाण्याच्या टाकीला वळसा घालून नेली.

सृष्टी खुर्चीत बसून सांगत होती, "दात अजून मोठे, जावेदभाई!" हसत होती. पण चौदा पायऱ्या चढताना चार वेळा थांबली. मी मागं होते. मोजलं.

आई कपडे काढायला आली अन् किंचाळली, "काय अभद्र काढलं हे घरावर! माहूरला नवस बोलून बसले मी, अन् तुम्ही मरणाचे खेळ खेळून राहिल्या!" पण पुसला नाही तिनं. कडेकडेनं गेली. मीही कडेनंच जाते. चुन्याच्या रेघेवर पाय द्यायला जीव घाबरतो, वेडेपणाच आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

एकशेऐंशी खोडलं. साठ केलं. बस.

९ नोव्हेंबर, रविवार

दुपारी चारला खेळलो, गच्चीवरच. पहिल्याच चाव्यात तेजी अर्धी झाली. दुसऱ्या चाव्यानंतर तेजीकडं तीन जीव उरले. तीन! मी वही छातीशी धरली. जावेदभाई म्हणाला, "ताई, घाबरायचं आम्ही, तुम्ही का घाबरून राहिल्या?"

मग सृष्टीचा भाला बसला. नेमका. माझे साठ संपले.

"मेला!" मी ओरडले. जावेदभाई परात वाजवत नाचला. सृष्टी नाचली नाही. चुन्याच्या डोक्यापासून टाकीमागच्या शेपटीपर्यंत सावकाश बघून घेतलं, मग माझ्याकडं बघितलं.

"एवढ्यात?"

"नशीब तुझं," मी म्हणाले.

"हाव, नशीबच." तिनं तेजीच्या पानाची घडी करून पर्समध्ये टाकली. मला काय, जिंकून चालली ना? तेवढंच पाहिजे होतं मला.

११ नोव्हेंबर, मंगळवार. हैदराबाद

सकाळी सातला आत नेलं. हात हलवला तिनं.

शंभरात दोन. सारखं तेच म्हणत बसले आहे. म्हणजे पन्नासात एक. माझ्या वर्गात पन्नास पोरं आहेत — कशाला केलं हे गणित! आता एकेकाचं तोंड डोळ्यांसमोर येतंय.

बाबा सकाळपासून बसलेले नाहीत. चहा दिला तो हातातच गार झाला. विचारलं, "बाबा, दोनच म्हणाले ना?" "हं," म्हणाले अन् भिंतीकडं तोंड केलं.

एक वाजला. कुणी काही सांगत नाही. देवा, दोनच आहेत रे.

साडेतीन. बाहेर आणली. आहे! पण डॉक्टर म्हणतात, दोन दिवस काही सांगता येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्या घशातली श्वासाची नळी काढली. पाच मिनिटं आत सोडलं मला. आवाज पार बसलेला, कान जवळ न्यावा लागला.

"ताई... एसटीएवढं धूड, अन् बैलाचा जीव?"

मी रडायलाच लागले. हो म्हणाले. साठच केला होता.

"मग ऐक. डॉक्टर दोन म्हणाले नव्हते. तीस म्हणाले होते. बाबाला शपथ घातली मी." थोडं थांबली. "फिट्टंफाट."

बाहेर बाकावर येऊन बसले आहे. तीस! म्हणजे पन्नासात पंधरा. वर्गातली तोंडं पुन्हा मोजून राहिले.