सत्तराव्या मिनिटाची हाक

खासबाग, बेळगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. सौरव,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळी खुशाल हाईत. आताच्या दिवसात पत्र आलं की माणसाला वाटतं, कुणीतरी गेलं. तसलं काय न्हाय. तुझा फोन लागत न्हाय, म्हणजे बाकीच्यांचा लागतो, माझ्या नंबरावरनं लागत न्हाय, हे मला कळलंय. म्हणून तुझा मडगावचा पत्ता मंथनकडनं घेतला. "सौरवनं शपथ घातलीया, द्यायचा न्हाय," म्हणून चार दिवस त्यानं मला फिरवलं. शेवटी त्याच्या मोबाईलच्या दुकानात ठिय्या मारून बसलो, गिऱ्हाईक आत येईना तवा दिला. दोस्त चांगला हाय तुझा. त्याच्यावर चिडू नकोस.

आईचा गुडघा तसाच हाय. डॉक्टरनं जिना चढू नका म्हणून सांगितलंय आणि ही दिवसातनं चार बाऱ्या माडीवर जाती. कशाला, तर तुझी खोली झाडायला. रिकाम्या खोलीत केर करायला हाय कोण? पण तिला सांगायचं कुणी! आपले चारी माग सुरू हाईत. दिवाळीच्या आधी साड्यांना मागणी बरी हुती. तीन नंबरचा माग सारखा धागा तोडत हुता, आप्पा स्वतः खाली आडवं होऊन तासभर खटपट करत हुते. मी करतो म्हटलं तर "तू मॅचला जा" म्हणाले.

मॅचचं तुझ्या कानावर आलं असंलच. दसऱ्याचा कप आपल्या संगम क्लबनं जिंकला. फायनल तीन शून्य. रवळू सर म्हणाले तसं पोरं खेळली, बॉल आपल्याकडंच ठेवला. तिसऱ्या गोलाच्या आधी आपले सतरा पास झाले. सरांनी मोजले हुते. ज्या म्हाताऱ्यांनी गेल्या वर्षी सरांना शिव्या घातल्या, तेच आता चौकात बसून "पासिंग असं पायजे" म्हणून एकमेकाला शिकवत्यात. आठवतंय न्हवं, सर उचगावासनं पहिल्यांदा आले तवा काय चेष्टा चालायची! लांब बॉल मारायचा न्हाय, गोलीनं, म्हणजे तू, जवळच्याला द्यायचा, त्यानं पुढच्याला, अडला तर परत मागं. पहिल्या तीन मॅच आपण सडकून हरलो आणि युवराज बांधावरनं वरडला, "अरं, फुटबॉल हाय का हळदीकुंकू? एकमेकीला वाण देत बसलाय!" सगळं मैदान हसलं. त्याला सरांनी टीममधनं काढलं हुतं, त्याचा राग हुता तो.

चौकात माझा फ्लेक्स लागला हुता. मी एवढा मोठा, हातात कप, खाली "पासिंगचा राजा, कॅप्टन जोतिराम". येता जाता मान खाली घालून जावं लागायचं. आई एकदा तिथं उभी ऱ्हाऊन बघत हुती. मला म्हणाली, "ह्यात आपला सौरव कुठं हाय रं?" काय सांगणार तिला.

दुसरं काय लिहू. पाऊस सरला. तुझी वैनी बरी हाय.

सप्टेंबरात मी तुझ्याकडं यायला निघालतो, पत्ता न्हवता, मडगावातली हॉटेलं हुडकीन म्हटलं. हे कुणालाच ठाऊक न्हाय. गाडी काढली, चोर्ल्याच्या रस्त्यानं कणकुंबीपतोर आलो. तिथं हॉटेलात चहा घेतला. तुझ्यासमोर उभा ऱ्हायल्यावर पहिलं काय बोलायचं ते जुळवत बसलो. दुसरा चहा घेतला. हॉटेलवाला म्हणाला, "गोव्याला निघालाय व्हय? लौकर निघा, घाटात धुकं उतरतंय." मी व्हय म्हणालो, पैसे दिले आणि गाडी बेळगावकडं वळवली. घरी सांगितलं, खानापूरला गेलतो. घाट उतरायचं भ्या न्हवतं, तुझ्या दारात उभं ऱ्हायची छाती झाली न्हाय माझी. भित्रा माणूस हाय मी सौरव. टीममधे सगळ्यात उंच, सगळ्यात दांडगा, आणि भित्रा.

आता लिहितो. मघापासनं इकडं तिकडं चाललंय ते तुला कळलं असंलच.

सरांचा तो नियम तुझ्यापेक्षा मला जास्त जड गेला. मैदानावर अण्णा न्हाय, आप्पा न्हाय, नुसतं नाव घ्यायचं. त्यांचं बरोबर हुतं. ज्याच्या पायात बॉल, त्याला मागचं दिसत न्हाय, बाकीच्यांनी वरडून सांगायचं. आणि खासबागेत "अण्णा" म्हणून हाक मारली तर अर्धी टीम वळून बघती, हरेक जण कुणाचा तरी अण्णा. तुला पंधरा दिवस माझं नाव घेता येईना. "अ..." म्हणायचास आणि गप्प. सरांनी तुला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. मग एक दिवस डोळं झाकून वरडलास, "जोत्या!" आणि स्वतःच लाजलास. घरी येऊन मला पाणी आणून दिलंस, "अण्णा, राग न्हाय न्हवं आला?" म्हणालास. मी म्हणालो, "हट्! खेळ हाय तो."

आला हुता. लई आला हुता. तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी धाकटा. तुला मी खांद्यावर घेऊन मैदानावर आणलंय, तुझे पहिले बूट मी घेतलेत, आणि तू चारचौघात मला जोत्या म्हणणार, "ये", "जा", "मागं हो" सांगणार, आणि मी ऐकणार! सर चार वर्षांनी लहान, ते पण जोत्या म्हणणार. मनातल्या मनात लई जळायचो. तुझा खेळ मात्र दिवसेंदिवस सुधारत हुता. हातापेक्षा तुझे पाय चांगले म्हणून बेंगळूरच्या क्लबची दोन माणसं फायनलला तुला बघायला आलती. तुला आदल्या दिवशी जेवण गेलं न्हवतं.

त्या फेब्रुवारीच्या फायनलला पहिल्या हाफमधे तू मला हाक मारलीस, मी पळत मागं आलो, तवा बांधावरनं युवराज वरडला, "जोत्या, धाकटा बोलावतोय, पळ! उशीर झाला तर कान पिळंल!" लोकं खो खो हसली. आप्पांच्या शेजारचे मारुतीराव सुद्धा हसले. ते माझ्या डोक्यात बसलं. हाफटाईमला सर काय सांगत हुते ते मला ऐकू पण आलं न्हाय. मी ठरवलं, आता ह्यानं नाव घेऊन बोलावलं तर वळायचं न्हाय.

सत्तरावं मिनिट. शून्य शून्य. बॉल तुझ्या पायात. मी तुझ्या उजव्या बाजूला, शिकवलेल्या जागेवर उभा पायजे हुतो, आणि चार पावलं पुढं हुतो. निपाणीच्या टीमचा नऊ नंबर तुझ्याकडं पळत आला. तू हाक मारलीस, "जोत्या, ये!" काय आवाज तुझा! मागांच्या खडखडाटात एकमेकाला हाका मारत वाढलेली पोरं आपण. मी ऐकली. सौरव, मी ती हाक ऐकली. ऐकून पाठ फिरवली आणि पुढं चालाय लागलो.

गोल व्हावा असं माझ्या मनात न्हवतं, आईची आण. तू बॉल दाबून धरशील, परत हाक मारशील, आणि ह्या खेपेला "अण्णा" म्हणशील, एवढंच हुतं. पण तू बॉल सोडलास. अण्णा येणारच, ह्या भरवशावर सोडलास. मी वळून बघितलं तवा नऊ नंबर रिकाम्या गोलात बॉल ढकलत हुता आणि तू माझ्याकडं बघत हुतास.

एवढंच झालं असतं तर आज मी माणसात असतो. रागाच्या भरात चूक झाली म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण क्लबच्या खोलीत कमिटी बसली, आणि अध्यक्षांनी विचारलं, हाक न मारता बॉल दिलास कसा. तू म्हणालास, "मी हाक मारली. अण्णा सांगेल की." आणि माझ्याकडं बघितलंस. तुझ्या तोंडावर भीती सुद्धा न्हवती. अण्णा सांगेल, मग झालं.

मी काय म्हणालो ते तुला ठाऊक हाय, पण माझ्या हातानं लिहितो. मी म्हणालो, "न्हाय. हाक आली न्हाय."

नुसतं "ऐकू आली न्हाय" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मागावरच्या माणसाचा कान निम्मा गेलेलाच असतो, कुणी बोट ठेवलं नसतं, माझ्यावर न्हाय आणि तुझ्यावर पण न्हाय. पण मी तुला खोटं पाडलं. बेंगळूरची माणसं दाराशीच उभी हुती, ती निघून गेली. घरी आप्पा तुला म्हणाले, "चूक ती चूक, वर मोठ्या भावावर ढकलतोस? लाज वाटत न्हाय?" मी तिथंच जेवत हुतो. ताटावरनं उठलो सुद्धा न्हाय. चौथ्या दिवशी तू बॅग घेऊन गेलास.

पाडव्याला तुझी वैनी मला ओवाळाय बसली. कुंकू लावलं आणि ताट खाली ठेवलं. म्हणाली, "त्या दिवशी मी गोलाच्या मागच्या कट्ट्यावर बसलेली. भावजींची हाक मी ऐकली. तुम्ही पण ऐकली. आज बोलाल, उद्या बोलाल म्हणून मी आठ महिने वाट बघितली. माझं माहेर निपाणीचं, मी बोलले असते तर माहेरची बाजू घेती म्हणाले असते. पण ते निमित्त हुतं. मी पण गप्प बसले, मी पण तसलीच." दीपालीला तू ओळखतोस, आवाज चढवून कधी बोलत न्हाय ती. तशीच बोलली. ओवाळलं न्हाय. ताट उचलून आत गेली.

गेल्या रविवारी क्लबात कपाचा सत्कार हुता. आप्पा पहिल्या रांगेत, फेटा बांधून. अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी बोललो. सगळं बोललो, हाकेपासनं ताटापतोर. कुणी हसलं न्हाय, युवराज सुद्धा न्हाय. त्यानं मान खाली घातली. रवळू सर उठून आले. मला वाटलं मारतील, मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "नऊ महिने मी त्या पोराला चुकीचं समजत हुतो. मी त्याला फोन सुद्धा केला न्हाय." मग म्हणाले, "पट्टा दे." कॅप्टनचा पट्टा दिला. टीममधनं पण काढलंय मला, आणि ते बरोबरच हाय. फ्लेक्स मी त्याच दिवशी जाऊन उतरवला.

आप्पा सत्कारातनं उठून एकटेच चालत घरी गेले. तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत, माझ्या पंक्तीला बसत न्हाईत. काल मागावर काम करता करता माग बंद केला आणि दीपालीला विचारलं, "मी त्या पोराला नेमकं काय बोललो हुतो गं?" तिनं सांगितलं. फेब्रुवारीत ते बोलले तो शब्द माझ्या वाट्याचा हुता, तुला दिला त्यांनी. त्यांना फोन करायचाय, पण नंबर लावायचं धाडस हुईना झालंय. हे तेवढं समजून घे.

बेंगळूरच्या त्या माणसाचा नंबर सरांकडनं मिळवून मी त्यांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, गोली मार्चमधेच घेतला, पुढच्या वर्षी तुझं वय बसत न्हाय. मी परत परत विनवण्या केल्या. ते म्हणाले, "आधी सांगायला पायजे हुतं." फोन ठेवल्यावर मी मागाजवळ बसून रडलो. पण माझ्या रडण्याचा तुला काय उपयोग! तुझं जे गेलं ते मी घालवलं, आणि ते मला परत आणून देता येत न्हाय. मी नऊ महिन्यांपूर्वी एक शब्द खरा बोललो असतो तर तू आज हॉटेलात टेबलं पुसत नसतास.

ये, असं म्हणायचा मला अधिकार न्हाय. माफ कर असं पण लिहीत न्हाय, कारण तू माफ केलंस तर मला बरं वाटंल, आणि मला बरं वाटावं म्हणून तू काय करायची गरज न्हाय. आप्पांच्या नंबरावर एकदा फोन कर. काय बोलू नकोस, ते बोलतील. खासबागेत आता सगळ्यांना ठाऊक हाय की तू हाक मारली हुतीस. तू आलास तर मान वर करून ये. मी दिसायला नको असंन तर सांग, मी त्या दिवशी घरात नसंन.

पत्राच्या शेवटी मोठ्यानं धाकट्याला आशीर्वाद लिहायचा असतो. माझ्या आशीर्वादात आता काय जोर उरलाय! मोठा धाकट्याला नमस्कार लिहीत न्हाय, हे मला ठाऊक हाय. मी लिहितो. तुला माझा नमस्कार.

जोतिराम