लोंबणारं टोक

३ मार्च
बिट्टीचा फोन. सहावा महिना लागला, आता इकडे यायचं म्हणते — बाळ होईपर्यंत! मी हरखून गेले. मग म्हणाली, "पण आई, ऑफिसची अट आहे. घरून काम करायचं तर नेट वायरनंच जोडलेलं हवं, वायफाय नाही चालत. वरच्या खोलीत वायर नेता येईल का, बाबांना विचार."

बाबांना विचार म्हणे! छापखाना बंद पडल्यापासून बाबा खिडकीतल्या खुर्चीला चिकटलेत. दाढी वाढलीय, बोलणं 'हं' आणि 'नाही'. मागच्या आठवड्यातच फोनवर तिच्यापाशी रडले होते मी. तरी ह्यांनाच विचार.

विचारलं. "हं," म्हणाले.

५ मार्च
खुर्ची रिकामी! हे जिन्यावर, कानावर पेन्सिल, गळ्यात माझी शिवणाची टेप. टेप लागत होती, तरी मागितली नाही.

८ मार्च
फायबरवाला हॉलमध्ये पांढरा डबा बसवून गेला. शेजारी राउटर. खाली सगळं छान, पण आमच्या भिंती जाड, वायफाय अर्ध्या जिन्यातच दमतं. म्हणून ह्यांचा बेत असा — राउटरपासून एक वायर जिन्याच्या कडेनं वर न्यायची. वर स्विच. मला वाटलं दिव्याचा. तर ती एक चपटी डबी, एका वायरीला चार फाटे फोडणारी. एक फाटा बिट्टीच्या टेबलाला, एक दुसऱ्या राउटरला, म्हणजे वर तिचा फोनही चालेल.

वायर ठोकताना गुणगुणत होते. सूर नव्हता. नसू दे.

१० मार्च
आज दोन राउटरांचं भांडण. दोघंही घरातल्या यंत्रांना नंबर वाटत सुटले, आणि कोणाचं ऐकावं ते यंत्रांना कळेना. "एकानं नंबर वाटायचे, दुसऱ्यानं गप्प राहून नुसतं पोचवायचं," हे मला समजावत होते. म्हटलं, आपल्या घरात दुसरा कोण? म्हणाले, "तीस वर्षं पोचवतोच आहे." आणि हसले! थोडंसंच, पण हसले.

दाढी केली.

१३ मार्च
झालं! टेबलापर्यंत नेट आलं. बिट्टीला फोन केला तर हेच बोलत राहिले, मला मिळालाच नाही. सोमवारी ऑफिसवाले तपासणार म्हणे.

दुपारी वर झाडून घेतलं. ह्यांनी डबीतून एक जास्तीची वायर काढून ठेवलीय, माझ्या शिवणाच्या मशीनच्या कोपऱ्यासाठी. मी काय झबल्यांना नेट जोडू? तिचं टोक तसंच लोंबत होतं. मला सुटा दोरा बघवत नाही, तिथे हातभर वायर! डबीत एक भोक रिकामं होतं, दिलं खोचून. आता कसं नीटनेटकं दिसतं.

१४ मार्च
सगळं बंद. वर बंद, खालीही बंद. दिवे मात्र वेड्यासारखे लुकलुकतायत. ह्यांनी राउटर बंद-चालू केले, जिन्यातली वायर बोटानं चाचपत वर-खाली केलं. जेवले नाहीत.

१५ मार्च
परत खुर्चीत. "मला नाही जमायचं हे आता. तिला सांग, तिकडेच राहा."

नाही सांगितलं. आत जाऊन मशीनवर बसले, पण टाके वाकडे पडले. बिट्टी येणार नाही याचं दुःख आहेच. पण ही खुर्ची — ती पुन्हा भरलेली मला बघवत नाही.

१६ मार्च
सकाळीच मी फायबरवाल्याला बोलावलं. त्यानं पांढरा डबा तपासला. "इथवर ठीक आहे, काका. घोळ आतलाच आहे." निघताना जिन्यातल्या वायरीकडे बघून म्हणाला, "पण काम सुबक केलंय हं."

त्या एका वाक्यावर हे उठले. वर गेले. जरा वेळानं हाक आली, "अगं, हे कोणी खोचलं?"

"मी. लोंबत होतं."

आता ओरडणार म्हणून पदर खोचून वर जाऊन उभी राहिले. तर हे जमिनीवर बसून पोट धरून हसायला लागले. "अगं, दोन्ही टोकं एकाच डबीत! स्वतःच हाक मारायची, स्वतःच ओ द्यायची. दोन दिवस तिचं तेच चाललंय, दुसऱ्या कोणाचं ऐकू कसं जाणार?"

टोक उपसलं, सगळं सुरू. नंतर फायबरवाल्याला फोनवर सांगत होते, "माझ्याच हातून चुकीची वायर लागली हो." मी दाराआडून ऐकलं. हा माणूस!

दुपारी बिट्टीचा निरोप — ऑफिस खूश, रविवारी निघते.

२४ मार्च
बिट्टी आली. पोट केवढं! समोरच्या शिक्षिकेनं वायरी बघितल्या, आता त्यांना ह्यांच्याकडून घरी तशीच जोडणी करून हवीय. हे वेळ बघून सांगतो म्हणाले. वेळ बघून!

२६ मार्च
हे टेप घेऊन समोर गेलेत. बिट्टी खाली माझ्या पलंगावर लोळून काम करत होती, फोनच्या नेटवर. म्हटलं, "अगं, ऑफिसची अट?"

"कसली अट, आई? मी कशीही येणारच होते. तू त्या दिवशी रडलीस, मग सुचलं."

म्हटलं, ऊठ. बाबा यायच्या आत वर जा आणि वायर लाव.