पेव उघडल्याची खबर

मु. पोखर्णी
चैत्र शुद्ध अष्टमी, शके १८६७

चि. बंधू व्यंकटराव यास थोरली बहीण पार्वती हिचा आशीर्वाद.

इकडं सगळे जित्ते हायत. तू पाठवलेली औषधाची बाटली पोचली, गुडघ्याला काई फरक न्हाई. तांबड्या गाईला कालवड झाली. धाकट्या नातवाला दात आले, पयल्यांदा मलाच चावला. सुनेचं आन माझं पटत न्हाई, ते तुला ठाऊक हाय.

तुझं पत्र मिळालं. आठरा वर्सांत पयल्यांदा स्वतःच्या हातानं दोन पानं लिवलीस, ती बी माझ्या अंगणात जमिनीखाली दाणे साठवलेल्या पेवासाठी. पेवातली समदी ज्वारी सरकारच्या सक्तीच्या धान्य-लेव्हीत घाल; मेंबराच्या बहिणीनं दाणे दडवले असं हैदराबादेत कळलं तर कौन्सिलच्या नव्या यादीत माझं नाव लागणार न्हाई, असं लिवलंस. समजलं.

तुला कौन्सिलात घेतलं तवा आमी परभणीच्या टेशनावर हार घेऊन उभे होतो. तू हार घेतलास आन तालुकदाराच्या मोटारीत बसून गेलास. मग गावानं विहीर मागितली, शाळा मागितली. दर बारीला म्हणलास, वेळ आली की बोलतो. आठरा वर्सं तुझी वेळ यायलीच हाय. लेव्हीच्या बाजूनं मातूर उभं राहून बोललास म्हणं. येडबा धनगराकडं चार दिवस चूल पेटली न्हाई. त्याच्या बाजूनं कोण बोललं?

सोमवारी मी पेव उघडलं. दिवसभर वारं खाऊ दिलं, मग आत कोंडलेली हवा हाय का बघायला कंदील सोडला. विझला न्हाई तवा माणसं उतरली. मंगळवारी लेव्हीचा गिरदावर दोन शिपाई घेऊन आला, तर अर्धं गाव ज्वारी न्यायला पाट्या घेऊन माझ्या अंगणात. कुणाच्या हुकुमानं वाटायलाव, असं त्यानं मोडक्यातोडक्या मराठीत इचारलं.

मी तुझं पत्र पुढं केलं.

वर कौन्सिलचा उर्दूत छापा, खाली तुझी सही. मधलं मराठी त्याला वाचता येईना. छापा बघून त्याचा आवाज उतरला. पत्र त्यानं संगं आलेल्या गावच्या पटवाऱ्याच्या हातात दिलं, वाचा म्हणला. पटवारी म्हंजे आपला दिनकरराव. कचेरीला इचारल्याबिगर छत्री न उघडणारा माणूस. त्यानं दोन्ही पानं मनातल्या मनात वाचली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मला वाटलं, संपलं.

मग मोठ्यानं म्हणला, "मेंबरसाब लिहितात, पेव उघडा, दाणे गावाला वाटा. कुणी आडवं आलं तर मला कळवा."

गिरदावर सलाम करून गेला. दिनकररावानं पत्र माझ्या हातात परत दिलं. येडबा पाटी डोक्यावर घेऊन म्हणला, "आजी, आपला मेंबर बोलला की."

मी त्याला खरं सांगितलं न्हाई. तुझं नाव मी न इचारता वापरलं. इचारलं असतं तर तू न्हाई म्हणला असतास, म्हणून इचारलं न्हाई. ह्याची माफी मी मागत न्हाई.

आता तुला कचेरीतून इचारणा येईल, पत्रात हाच मजकूर होता का. न्हाई म्हणलास तर तुझी खुर्ची राहील आन दिनकररावाच्या हातात बेड्या पडतील. मला न्यायला आले तर मी भाकरी बांधून तयार हाय, माझं काय, पिकलं पान. त्याला पाच लेकरं हायत. होय म्हणलास तर खुर्ची जाईल. गेली तर गेली, तिच्यावर बसून तू गावासाठी उभा कवा राहिलास?

तुझं पत्र मी चुलीत घातलं. त्यात काय लिवलं होतं, ते आता तू सांगशील तेच.

तुझ्या हुकुमानं पेव उघडलेली,
तुझी थोरली बहीण
पार्वती