खिशातली साखर

प्रिय उस्ताद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी दिव्यासमोर धरशील, मग उलटं करशील आणि स्वतःशीच म्हणशील, “मुनीमजींनी टपाल धाडलं म्हणजे कुणाची तरी चूक सापडलेली दिसते.” फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा मार्ग. फोन मध्येच ठेवता येतो. हाती आलेला कागद मात्र तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस, मग ती औषधाच्या बाटलीवरची सूचना का असेना. शाळेपासूनची ही तुझी सवय या वेळी माझ्या उपयोगी पडेल, असं मी गृहीत धरलं आहे.

आधी इकडची खबर. आमची ही बरी आहे आणि तुझ्या नावाने रागावलेली आहे. तुझ्यासाठी राखून ठेवलेलं लोणचं तिने अखेर माझ्या पानात वाढलं, यावरून तिचा राग किती मुरला आहे हे तुला कळेल. तबेल्याच्या मागच्या बाजूला मी कुंपणालगत एक अरुंद वाट आखून घेतली आहे. तिच्यावर काही ठिकाणी गोल खडी, काही ठिकाणी वाळू. पाणी एका टोकाला आणि वाळलं गवत दुसऱ्या टोकाला. त्यामुळे घोड्यांना पोटासाठी चालावंच लागतं. माणसांना लागू पडणारा नियम जनावरांनाही लागू पडतो, एवढंच त्यात नवल.

हेडमास्तर मजेत आहे. तू त्याला पाहिलंस त्याला आता बराच काळ झाला. रायडिंग स्कूलचे हिशेब तपासायला मी तिथे जात असे, आणि हा तांबडा घोडा कोपऱ्यात एक पाय उचलून, सगळ्या जगाला नापास केल्यासारखा चेहरा करून उभा असे. ‘हा आता कामाचा नाही’ असं सगळ्यांनी ठरवलं, तेव्हा मी त्याला घरी आणला. तीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या माणसाने लंगडा घोडा दारी बांधला, म्हणून तू केवढा हसला होतास! हसता हसता तूच मला खूर घासायची कानस धरायला शिकवलीस. मनगट सैल, कोपर अंगाजवळ, आणि घोड्याचा पाय आपल्या गुडघ्यावर असा की त्याला वाटावं, आपणच ठेवला आहे. ही तीन वाक्यं मला कोणत्याही पुस्तकात सापडली नाहीत.

मग मी त्याचे नाल काढले आणि आपलं बिनसलं. भर अंगणात, चारचौघांसमोर तू म्हणालास, “आमच्या तीन पिढ्यांनी नाल ठोकून घोड्यांना चालतं ठेवलं, आणि हा बी.कॉम. त्यांना अनवाणी करायला निघालाय! नाल काढतोस ना? मग पायमोजेही विणून घे म्हणावं घरातून.” सगळे हसले, खरं सांगायचं तर मीही हसलो. पण तुझा टोमणा मी वाया जाऊ दिला नाही. आत मऊ गादी असलेले, खुरावर चढवायचे जाड बूट मिळतात. नाल काढल्यावरच्या नाजूक दिवसांत हेडमास्तर तेच घालून हिंडत असे. आमची ही त्यांना अजून ‘उस्तादांचे पायमोजे’ म्हणते. आज तो खडीवरून बूट न घालता चालतो, आणि समोरून कुत्रा आला की पळतोही. जो पाय टेकवत नव्हता, त्याच पायाने परवा त्याने गवताच्या खोलीचं दार तोडलं. दुरुस्ती करणाऱ्या सुताराला माझा आनंद काही केल्या समजला नाही.

यात जादू नाही. जादू असती तर मी त्या वाटेला गेलोच नसतो. खुराचं टोक वाढून पुढे सरकलं की प्रत्येक पावलाला खुराचं कवच आतल्या हाडापासून ओढलं जातं, जसं नख मागे उलटावं तसं. म्हणून ते टोक मागे आणायचं, कड गोल करायची, टाच थोडी थोडी उतरवायची, आणि तळव्याला हात लावायचा नाही. एका बैठकीत सगळं नीट करण्याचा मोह टाळायचा. पण उस्ताद, हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं तोंडाकडून होतं. दाणा बंद, गोडधोड बंद, हिरवं लुसलुशीत कुरण बंद. वाळलं गवत पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन मगच घालायचं, कारण गवतातली साखर त्या पाण्याबरोबर निघून जाते. वर थोडी क्षारांची पूड. अंगात साखर वाढली की कवच आणि हाड यांना धरून ठेवणारा थर सुजतो आणि सुटू लागतो. मग खाली कितीही कुशल हात चालला तरी ते रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातलं होतं. हेडमास्तराच्या बाबतीत मला हे उशिरा उमगलं; रायडिंग स्कूलमधली पोरं त्याला रोज बिस्किटं भरवत असत.

आता मालकीणबाईविषयी. ती लंगडते आहे हे मला ठाऊक आहे. तुझ्या लेकीने सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. ती माहेरी आली, तेव्हा घोडी तिला पाहून दारापर्यंतसुद्धा आली नाही, तिथेच पोरीला सगळं कळलं. जी घोडी तुझी गाडी ओढताना रस्ता स्वतःच्या बापाचा असल्यासारखी चालायची, जिने एकदा भर चौकात अडून राहून लग्नाची वरात थांबवली, आणि म्हणूनच जिला वहिनींनी मालकीणबाई हे नाव ठेवलं, ती आता पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी असते. पोरीने तिचे आणि तिच्या खुरांचे फोटो मला पाठवले. डॉक्टरांनी काढलेला एक्स-रेही पाठवला.

पहिल्यांदा मी तुझे नाल पाहिले. टाचेखाली जाडी देऊन घडवलेले, मागून जोडलेले, खिळा न खिळा एका रेषेत. इतकं देखणं काम मी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाहिलेलं नाही. दुखतंय तिथला भार उचलून धरायचा, म्हणजे तिला बरं वाटेल, असा तुझा विचार, आणि आठवडाभर तिला बरं वाटलंही असणार. मग पुन्हा दुखलं असेल आणि तू त्याहून चांगला नाल घडवला असशील. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने कधीच हात टेकले असते; तुझा हातच इतका चांगला की तो थांबला नाही. तुझ्या नालाने मालकीणबाई लंगडी झालेली नाही, हे मी तुला लेखी देतो. पण तो नाल असेपर्यंत तिच्या खुराचं टोक मागे आणता येणार नाही, हेही त्याच कागदावर देतो.

मग मी खुरावरची वलयं पाहिली. खूर वरून खाली वाढतो आणि पुरता नवा यायला जवळपास वर्ष घेतो, हे तू मला शिकवलंस. मालकीणबाईच्या खुराचा खालचा भाग गुळगुळीत आहे. मध्यावर एक जाड, उठलेलं वलय आहे, टाचेकडे रुंद होत गेलेलं, आणि तिथून वर वलयांवर वलयं. मध्यावरचं ते वलय कोणत्या दिवसांतलं, हे मला मोजावं लागलं नाही. सहा महिन्यांमागची ती थंडी; त्याच थंडीत वहिनी गेल्या.

मला त्यांची संध्याकाळ आठवते. कामावरून येऊन तू गाडी सोडलीस की त्या मागच्या दाराने येत, पदराआडून साखरेचा एक खडा काढत आणि घोडीच्या तोंडापाशी तळहात धरून म्हणत, “आधी माझ्या सवतीला, मग तुम्हाला चहा.” तू तक्रार करायचास, की या घरात दोन बायका आणि दोन्ही माझ्याआधी जेवतात. एकच खडा असे तो, आणि घोडी तेव्हा दिवसभर राबत असे. त्याने तिचं काहीही बिघडलं नाही. त्या गेल्यावर तू गाडी जोडणं थांबवलंस. घोडी दावणीला आणि तू तिच्या शेजारी. पोरगी सांगत होती, की बाबांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे आतून चिकट झाले आहेत. सकाळी साखर, दुपारी साखर, जेवायला बसल्यावर पोळीचा तुकडा साखरेत बुडवून आधी तिला. घरात आता तुझ्या हातून घेणारं तेवढंच एक तोंड उरलं आहे, हे मला समजतं. अंत्यविधीनंतर आपण दोघं तुझ्या ओट्यावर बसलो होतो. तुला द्यायला माझ्यापाशी तेव्हा काही नव्हतं. आता आहे, म्हणून बोलतो.

एक्स-रे मी तिघा जाणकारांना दाखवला. घाईने मत बनवण्याची मला सवय नाही. खुरातलं हाड जागेवरून फिरलं आहे, पण फार नाही. आणि तळव्याची जाडी अजून पुरेशी आहे. हेडमास्तराची अवस्था याहून वाईट होती. याहून वाईट अवस्थेतली, रायडिंग स्कूलमधली पांढरी घोडीही आज माझ्या वाटेवर चालते. दोन घोडे माझ्या हातून बरे झाले नाहीत, तेही सांगितलं पाहिजे. त्यांचं हाड तळव्यातून बाहेर आलं होतं आणि मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तेव्हा ते वरातीमागून घोडं नेण्यातलं होतं. मालकीणबाईची वरात अजून निघालेली नाही. ती गाडी ओढेल की नाही, सांगता येत नाही. ती स्वतःच्या पायांनी, न कण्हता, माझ्या खडीवरून पाण्यापर्यंत जाईल, हे मात्र मी खात्रीने सांगतो. मी खात्री हा शब्द किती जपून वापरतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता पत्राचं कारण. शनिवारी सकाळी डॉक्टर तुझ्याकडे येणार आहेत आणि तिला कायमची झोपवणारी सुई घेऊनच येणार आहेत, हे मला कळलं आहे. तू त्यांना होकार दिलास तो थकून दिलास; त्यांनीही तो तिचे हाल बघवेनात म्हणूनच घेतला. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी त्यांना भेटलो. घोडी माझ्या वाटेवर येणार असेल आणि दाणा-साखर त्याच दिवसापासून बंद होणार असेल, तर ते थांबायला तयार आहेत. दुखणं कमी करणारं औषधही ते देतील. शुक्रवारी सकाळी मी घोडे वाहून नेणारी गाडी घेऊन तुझ्या दारात उभा असेन, आत हातभर भुसा आणि उस्तादांचे पायमोजे, तिच्या मापाचे. फाटक बंद ठेवलंस तर मी बाहेर बसेन. हिशेबाचा ताळा जुळेपर्यंत न उठण्याबद्दल मी नोकरीत बदनाम होतो. पण उस्ताद, गाडीत तिच्यासोबत तुला यावं लागेल, आणि नुसतं सोबत म्हणून नव्हे. ती मला पायाला हात लावू देत नाही, कुणालाच देत नाही. तिला वाळूत उभं केल्यावर ते खिळे एकेक करून काढायचे आहेत, ती दचकणार नाही अशा बेताने, आणि ते काम जगात एकाच माणसाचं आहे. पुढची कानस मी चालवीन. माझं मनगट ताठ झालं तर चारचौघांसमोर ओरडायला तू शेजारी असशीलच. आमची ही वरची खोली झाडून ठेवते आहे आणि लोणच्याची दुसरी बरणी अजून उघडलेली नाही. तुझी कानस आण, सुरी आण, चार दिवसांचे कपडे आण; खूर नवा यायला वर्ष लागतं, तेव्हा उरलेले कपडे मागाहून मागवू. आणि निघताना तेवढे खिसे झटकून ये.

तुझाच,
मुनीमजी